नायट्रोजन आधीच स्थिर असेल, तर त्याचे ‘स्थिरीकरण’ कसे? ‘फिक्स’ या इंग्रजी क्रियापदाविषयी एक प्रश्न

प्रश्न: माध्यमिक विज्ञान शिक्षिका

नमस्कार. मी नववी-दहावीच्या सेमी-इंग्रजी वर्गांना विज्ञान शिकवते. भाषा, इतिहास आणि भूगोल मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून, अशी व्यवस्था असल्याने एकच संकल्पना मुलांपुढे दोन्ही भाषांतून येते आणि त्यातून काही वेळा असे प्रश्न निघतात की त्यांचे उत्तर विज्ञानाच्या किंवा भाषेच्या कोणत्याही एका पुस्तकात सापडत नाही.

सध्याचा प्रश्न ‘फिक्स’ या क्रियापदाचा आहे. मुलांना हा शब्द दोन वाटांनी माहीत आहे. घरात ‘लग्न फिक्स झाले’, ‘भाव फिक्स आहे’ असे बोलले जाते, तेथे त्याचा अर्थ ठरणे किंवा पक्के होणे असा असतो. मोबाइलवर आणि इंग्रजी चित्रफितींत मात्र तोच शब्द दुरुस्त करणे या अर्थाने येतो. त्यामुळे ‘नायट्रोजन फिक्सेशन’ हा शब्द आला तेव्हा एका विद्यार्थ्याने नायट्रोजनमध्ये काय बिघडले होते, असे विचारले. त्याला मी मराठी संज्ञा सांगितली: नायट्रोजनचे स्थिरीकरण. त्यावर दुसऱ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अधिक अवघड होता. आदल्याच आठवड्यात आम्ही शिकलो होतो की हवेतील नायट्रोजन हा अतिशय स्थिर, सहसा कशाशीही अभिक्रिया न करणारा वायू आहे. मग जो आधीच स्थिर आहे, त्याला जिवाणू पुन्हा स्थिर कशाला करतात?

तिला देण्यासाठी मला नीट उत्तर हवे आहे. शिवाय हेच क्रियापद फॉर्मॅलिनच्या, छायाचित्रणातील हायपोच्या आणि गणितातील ‘फिक्स्ड पॉइंट’च्या संदर्भातही येते. या सगळ्यांमागे एकच अर्थ आहे का, की केवळ शब्द एक आणि अर्थ वेगवेगळे, असे समजून पुढे जावे? जाणकारांनी आपापल्या विषयातील उदाहरणे द्यावीत, ही विनंती.

उत्तर १: कृषी रसायनशास्त्र आणि मृदाशास्त्र

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. अडचण मराठीतील ‘स्थिर’ या शब्दात आहे, कारण आपण तो दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. जे सहजासहजी बदलत नाही तेही स्थिर, आणि जे जागचे हलत नाही तेही स्थिर. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘स्टेबल’ आणि दुसऱ्यासाठी ‘फिक्स्ड’ असे वेगळे शब्द आहेत. ‘फिक्स’चे मूळ लॅटिन भाषेतील रोवणे, खिळवणे, घट्ट बसवणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. दुरुस्तीचा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला आणि तो मुख्यतः अमेरिकेत रुळला. विज्ञानाने हा शब्द उचलला तो जुन्या, खिळवण्याच्या अर्थाने.

रसायनशास्त्रात तो कसा आला हे पाहिले की बरेच काही उलगडते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी 1727 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले की अनेक घन पदार्थ तापवले असता त्यांतून हवा बाहेर पडते, म्हणजे ती त्यांच्यात बांधलेल्या अवस्थेत असली पाहिजे. पुढे 1750 च्या दशकात एडिंबरो येथे जोसेफ ब्लॅक यांनी मॅग्नेशिया अल्बाचे (म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटचे) आणि चुनखडीचे प्रयोग केले. तापवल्यावर या पदार्थांचे वजन घटते, एक वायू निघून जातो, आणि तोच वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते, म्हणजे तो पुन्हा घनरूपात बांधला जातो. या वायूला त्यांनी ‘फिक्स्ड एअर’ म्हटले. हाच आपला कार्बन डायऑक्साइड. आपल्या प्रयोगशाळेत आठवी-नववीची मुले फुंकणीने निवळी दुधाळ करून पाहतात, तेव्हा ती ब्लॅक यांचाच प्रयोग करत असतात. मोकळा फिरणारा वायू घन पदार्थाच्या घडणीत अडकला, म्हणजे तो ‘फिक्स’ झाला, हा अर्थ तेथे डोळ्यांना दिसतो आणि म्हणून नायट्रोजनच्या धड्याआधी हा प्रयोग एकदा करून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

आता नायट्रोजन. हवेत तो सुमारे 78 टक्के आहे, परंतु त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडण्यास प्रति मोल सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. वर्गात ‘स्थिर’ म्हणून शिकवला जातो तो हा गुण. त्याला मराठीत निष्क्रियता म्हटले तर अर्धा गोंधळ तेथेच संपतो. हा निष्क्रिय वायू रानभर मोकळा फिरतो, पण पिकाच्या काही कामाचा नसतो. मोकाट जनावर दावणीला बांधल्याखेरीज कामाला येत नाही, तसा त्याला हायड्रोजनशी किंवा ऑक्सिजनशी बांधून अमोनियाच्या किंवा नायट्रेटच्या रूपात आणावे लागते. हे बांधणे म्हणजेच ‘फिक्सेशन’. बांधल्यानंतर तो पूर्वीपेक्षा निष्क्रिय होत नाही. उलट, तो वनस्पतीच्या रसायनात भाग घेण्याजोगा होतो. आपल्या विद्यार्थिनीला सांगावे की नायट्रोजन स्थिर झाला तो ‘हवेत उडून जाणे थांबले’ एवढ्याच अर्थाने.

हे काम दोन मार्गांनी होते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू ते करतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी 1880 च्या दशकात सिद्ध केले आणि 1888 मध्ये हॉलंडमधील बायरिंक यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले. नायट्रोजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) हा बंध सामान्य तापमानाला तोडते, मात्र नायट्रोजनच्या एका रेणूमागे त्याला एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, किमान 16 रेणू खर्चावे लागतात. ऑक्सिजन लागला की हे विकर निकामी होते, म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असते. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि लागेल तेवढाच जिवाणूंना पुरवते. शेतावर जाणे शक्य असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे रोप मातीसकट हळुवार उपटून मुळे पाण्यात धुवावीत आणि एखादी गाठ नखाने कापून मुलांना दाखवावी. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ काम करते आहे. हिरवट किंवा राखाडी असेल तर तिचे काम थांबले आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. आपले शेतकरी ज्याला ‘हरभऱ्याचा बेवड’ म्हणतात आणि ज्यावर पुढचे पीक चांगले येते असे सांगतात, त्याच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे.

दुसरा मार्ग कारखान्याचा. 1898 मध्ये ब्रिस्टल येथील भाषणात विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला की चिलीहून येणारा सोरा, म्हणजे नायट्रेटयुक्त खत, संपला की गव्हाचे पीक तुटेल, आणि हवेतील नायट्रोजन बांधून दाखवणे हे रसायनशास्त्रज्ञांचे काम आहे. फ्रित्झ हाबर यांनी 1909 मध्ये ते प्रयोगशाळेत साधले आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आज युरियाच्या प्रत्येक गोणीच्या मागे हीच अभिक्रिया आहे.

याच्या पुढची गोष्ट मृदाशास्त्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती शाळेत क्वचितच सांगितली जाते. जमिनीच्या संदर्भात हेच क्रियापद स्फुरदासाठीही (फॉस्फरससाठीही) वापरतात आणि तेथे त्याचा परिणाम शेतकऱ्याच्या दृष्टीने अगदी उलटा असतो. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातलेल्या स्फुरदाचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जातो, तर कोकणातील जांभ्या जमिनीत तो लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो. दोन्ही ठिकाणी तो मातीत असतो, पण पिकाला मिळत नाही. माती परीक्षणाचे अहवाल समजावून सांगताना याला आम्ही ‘स्फुरद अडकून पडणे’ म्हणतो. म्हणजे नायट्रोजन ‘फिक्स’ झाला तर पिकाला मिळतो आणि स्फुरद ‘फिक्स’ झाला तर पिकाच्या हातून जातो. पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करताना शेतकरी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम, म्हणजे मुळांच्या गाठींतील तेच जिवाणू, आणि तेवढेच पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, चोळतात. एकाच घमेल्यातील या दोन संवर्धनांपैकी एक मोकळ्याला बांधते आणि दुसरे बांधलेल्याला मोकळे करते. हे मुलांना सांगितले तर ‘फिक्स’ म्हणजे काहीतरी चांगले, दुरुस्त, सुधारलेले, हा समज आपोआप दूर होईल.

उत्तर २: विकृतिशास्त्र प्रयोगशाळा

वरील विवेचन वाचून समाधान वाटले. आमच्या क्षेत्रात हे क्रियापद दिवसभर तोंडी असते आणि त्याचा अर्थ थोडा निराळा आहे, म्हणून लिहितो.

शस्त्रक्रियेत काढलेला उतींचा तुकडा शरीराबाहेर आला की काही वेळातच त्याच्याच पेशींतील विकरे त्याला आतून पचवू लागतात आणि त्यानंतर जिवाणू त्यात भर घालतात. ही प्रक्रिया जागच्या जागी थांबवण्याला आम्ही ‘फिक्स करणे’ म्हणतो. त्यासाठी तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे चार टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये. फॉर्माल्डिहाइडचे रेणू शेजारशेजारच्या प्रथिनांना एकमेकांशी जोडतात, त्यामुळे विकरे निकामी होतात आणि पेशीची रचना त्या क्षणी जशी होती तशी राहते. फर्डिनांड ब्लूम हे जर्मन वैद्य 1893 मध्ये फॉर्माल्डिहाइडचे जंतुनाशक गुण तपासत असताना त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली आणि त्यावरून हा उपयोग पुढे आला.

येथे दोन गोष्टी नव्याने शिकणाऱ्यांच्या मनावर ठसवाव्या लागतात. फॉर्मॅलिन तुकड्यात हळूहळू शिरते, साधारण तासाला एक मिलिमीटर असा अंदाज धरतात, आणि शिरल्यानंतर प्रथिने जोडली जाण्यास आणखी वेळ लागतो. त्यामुळे मोठा तुकडा न कापता तसाच बरणीत टाकला तर बाहेरून पक्का आणि आतून कुजलेला निघतो. आणि द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवा. बरणी लहान पडली म्हणून तुकडा कोंबून भरलेला पाहिला की फार वाईट वाटते, कारण त्या तुकड्यावर एखाद्या रुग्णाचे निदान अवलंबून असते आणि तो पुन्हा मिळणार नसतो.

हिवतापाच्या तपासणीचे उदाहरण मुलांना अधिक समजेल. एकाच काचपट्टीवर रक्ताचा एक जाड थेंब आणि एक पातळ लेप घेतात. पातळ लेप मिथेनॉलने फिक्स करतात, म्हणून त्यातील तांबड्या पेशी आपल्या आकारात शाबूत राहतात आणि परजीवी कोणत्या जातीचा आहे हे पेशीच्या रूपावरून ओळखता येते. जाड थेंब मुद्दाम फिक्स करत नाहीत. रंगवताना पाण्याने त्यातील तांबड्या पेशी फुटाव्यात, हिमोग्लोबिन वाहून जावे आणि थोड्या जागेत पुष्कळ रक्तातील परजीवी दिसावेत, असा त्यामागचा हेतू असतो. फिक्स करणे आणि न करणे यांतील फरक एकाच काचेवर दिसतो.

छायाचित्रणातील हायपोविषयीही आपण विचारले आहे. येथे ‘स्थिर’ आणि ‘फिक्स’ यांतील भेद इतिहासातच सापडतो. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी टॅलबट यांनी सुरुवातीला आपली कागदी चित्रे मिठाच्या तीव्र द्रावणाने टिकवण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे उरलेल्या रौप्य क्षारांची प्रकाशसंवेदना मंदावत असे, पण ते क्षार कागदातच राहत, आणि काळाच्या ओघात चित्र बिघडे. जॉन हर्शेल यांना 1819 पासून माहीत होते की हायपो, म्हणजे आजचे सोडियम थायोसल्फेट, रौप्य क्षार विरघळवते. 1839 मध्ये त्यांनी तेच छायाचित्रांसाठी वापरले. प्रकाश न लागलेले क्षार धुऊनच काढले, तेव्हा पुढे बदलण्यासारखे काही शिल्लकच राहिले नाही. म्हणजे तेथे फिक्स होते ते चित्र आणि त्यासाठी पदार्थ बांधावा लागत नाही, तर काढून टाकावा लागतो. क्ष-किरण चित्रे फिल्मवर निघत तेव्हा रुग्णालयांच्या अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर आणि फिक्सर अशा दोन टाक्या असत, आणि वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी परत मिळवली जात असे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. स्फुरदाचे उदाहरण माझ्यासाठी पूर्णपणे नवीन आहे आणि माझे बरेच विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील असल्याने ते त्यांना लगेच पटेल. यावरून मला असे वाटते आहे की विद्यार्थ्यांनी प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारावेत: आधी काय सुटे किंवा बदलते होते, आणि ते कशाने बांधले गेले? गणितातील ‘फिक्स्ड पॉइंट’ला हे दोन प्रश्न लागू पडतात का? आणि विज्ञानात आणखी कोठे हा शब्द येतो?

उत्तर ३: गणित आणि खगोल

गणितात आपला दुसरा प्रश्न लागू पडत नाही, आणि तो ओढूनताणून लावू नये असे मला वाटते. तेथे कोणी कशाला बांधत नाही. एखादी क्रिया सर्व बिंदूंवर किंवा संख्यांवर केली असता जो बिंदू आपल्याच जागी राहतो, त्याला त्या क्रियेचा स्थिर बिंदू म्हणतात. एकाच क्रियेने इतर संख्या बदलतात आणि ही एक बदलत नाही, एवढेच त्याचे लक्षण. येथे मराठी ‘स्थिर’ हा शब्द नेमका बसतो.

यासाठी महाराष्ट्रातीलच उदाहरण घ्यावे. देवळाली येथे शाळेत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी 6174 या संख्येचा गुणधर्म शोधून काढला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. 3524 घेतल्यास 5432 वजा 2345 म्हणजे 3087, मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352, मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आता 6174 वर हीच क्रिया केली तर 7641 वजा 1467, म्हणजे पुन्हा 6174. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे पोहोचते. तीन अंकी संख्यांसाठी असाच मुक्काम 495 वर होतो. मुलांना यातून दोन वेगळ्या गोष्टी दाखवता येतात. 6174 स्वतः न बदलणे हे त्याचे स्थिर बिंदू असणे. इतर संख्या त्याच्याकडे ओढल्या जाणे हा त्याहून वेगळा गुण आहे. प्रत्येक स्थिर बिंदूकडे इतर संख्या येतातच असे नाही. कोणत्याही संख्येचा वर्ग करण्याच्या क्रियेत 1 हा स्थिर बिंदू आहे, पण 1.1 पासून सुरुवात करून वर्ग करत गेल्यास आपण 1 पासून दूर दूर जातो.

खगोलशास्त्रातील ‘फिक्स्ड स्टार्स’ हा शब्दप्रयोग जुना आहे. ग्रह नक्षत्रांतून सरकतात आणि तारे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत, या निरीक्षणावरून तो आला. 1718 मध्ये एडमंड हॅली यांनी प्राचीन ग्रीक नोंदींशी तुलना करून दाखवले की स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तारे आपल्या जागा सोडून सरकले आहेत. त्यानंतरही संज्ञा टिकली, पण वर्णन म्हणून ती खरी राहिली नाही.

औषधनिर्माणशास्त्रात ‘फिक्स्ड ऑइल’ म्हणजे उडून न जाणारे तेल. तीळ, करडई, एरंडेल यांचा थेंब कागदावर टाकला तर डाग कायम राहतो. निलगिरीच्या तेलाचा डाग काही वेळाने दिसेनासा होतो. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. अनुवंशशास्त्रात एखाद्या जनुकाचे एक रूप समूहातील प्रत्येक जिवात पोहोचले आणि त्याची इतर रूपे नाहीशी झाली, तर ते ‘फिक्स’ झाले असे म्हणतात. येथे सुटे होते ते प्रमाण, आणि ते शंभर टक्क्यांवर येऊन थांबले. नवे उत्परिवर्तन झाले नाही किंवा बाहेरून दुसरे रूप आले नाही, तर ते तेथून हलत नाही.

उत्तर १ चे लेखक, पुन्हा

वरील मुद्दा मान्य आहे, एकच सूत्र सगळीकडे लावू नये. मॅडमच्या दोन प्रश्नांना मी रसायनशास्त्रापुरता एक तिसरा प्रश्न जोडेन: बांधलेले किती काळ बांधलेले राहते?

नायट्रोजनच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. जमिनीत अमोनियमवर धनभार असल्याने ते मातीच्या ऋणभारित कणांना धरून राहते. मात्र जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, नायट्रेटवर ऋणभार असतो, आणि मोठ्या पावसात ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. म्हणजे हवेच्या दृष्टीने ‘फिक्स’ झालेला नायट्रोजन मातीच्या दृष्टीने अतिशय चंचल असतो. पाणी साचून मातीतील ऑक्सिजन संपला, तर दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचे पुन्हा वायूत रूपांतर करतात आणि तो परत हवेत जातो. युरिया एकदम न देता विभागून द्यावा, ही शिफारस याच कारणासाठी असते. परीक्षेत मुलांनी ‘स्थिरीकरण’ हीच संज्ञा लिहावी, कारण पाठ्यपुस्तकात तीच आहे, पण व्याख्या लिहिताना ‘नायट्रोजन स्थिर होतो’ असे न लिहिता ‘हवेतील नायट्रोजन वायूचे वनस्पतींना वापरता येतील अशा संयुगांत रूपांतर होते’ असे पूर्ण वाक्य लिहावे. त्या वाक्यात आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न उद्भवतच नाही.